तेंदूच्या फळीवरील धनी : चंद्रपूर-गडचिरोलीतील वनमजुरी आणि कायदा

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील मजुरीचा इतिहास हा मुख्यतः मजुराला बांधील कोण, या प्रश्नाचा इतिहास आहे. कारण जंगलात राबणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले, परंतु काम करून घेणारा धनी मात्र जमीनदार, वनखाते, कागद गिरणी, ठेकेदार आणि अलीकडे ग्रामसभा असा बदलत गेला.

26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा होण्यापूर्वी हा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांत आणि 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव ठरलेल्या जंगलांत बेगार, म्हणजे मोबदल्यावाचून किंवा नाममात्र मोबदल्यावर सक्तीने घेतलेले काम, ही रूढच होती. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने बेगारीला बंदी केली आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम घेणे हीदेखील सक्तमजुरीच होय, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा जंगलातील मजुरालाही तितकाच लागू होता. मात्र त्याचा आधार घ्यायचा तर आधी नियोक्ता कोण हे ठरवावे लागे, आणि तिथेच घोडे अडत असे.

बल्लारपूरची कागद कंपनी 1945 मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून बांबूतोडीला मोठा ग्राहक मिळाला; तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानाच्या, बाबतीत 1969 च्या राज्य कायद्याने व्यापाराची मक्तेदारी शासनाकडे घेतली. शासन जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव करी, घटक घेणारा ठेकेदार गावोगाव फळी, म्हणजे पाने मोजून घेण्याचे केंद्र, उघडी, आणि एप्रिलअखेरीपासून मे महिन्यात घरातील लहानथोर पहाटेच रानात जात. तोडलेल्या पानांचे सत्तर-सत्तरांचे पुडे दुपारी सावलीत बसून बांधले जात आणि सायंकाळी फळीवर शेकड्याच्या दराने मोजून दिले जात. पान फाटके वा कोवळे आहे असे म्हणून मुन्शीने, म्हणजे ठेकेदाराच्या कारकुनाने, पुडा बाद केला, की त्या पुड्यामागचे श्रम वाया जात आणि दाद मागण्यास जागा उरत नसे.

कंत्राटी मजुरांसाठी 1970 मध्ये केंद्रीय कायदा आला आणि ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास ती मुख्य नियोक्त्याने, म्हणजे ज्याच्या आस्थापनेसाठी काम चालते त्याने, भरावी असे बंधन त्यात घातले गेले. मात्र अधूनमधून चालणाऱ्या कामांना हा कायदा लागू नव्हता, आणि हंगामी काम वर्षात साठ दिवसांहून अधिक चालले तरच ते या अपवादातून बाहेर पडे. तेंदूचा हंगाम जेमतेम महिनाभराचा असल्याने हजारो कुटुंबांचे वर्षातील मुख्य रोख उत्पन्न ज्या कामावर अवलंबून होते, तेच काम या संरक्षणापासून दूर राहिले. 1980 नंतर आंध्रातून आलेल्या नक्षल दलांनी तेंदू आणि बांबूच्या मजुरीचे दर धाकाने वाढवून घेतले व ठेकेदारांकडून खंडणीही उकळली. कायद्याने मोकळी सोडलेली जागा अशी बंदुकीने व्यापली आणि तिची किंमत गावांना मोजावी लागली.

या व्यवस्थेला खरा छेद दिला तो 1996 च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत विस्तार, कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने. पैकी वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू यांची गणना गौण वनोपजात केली, म्हणजेच त्यांवर गावाचा मालकी हक्क मानला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. त्यामुळे पान तोडणारा माणूस एकाच वेळी त्या पानाचा सहमालक आणि मजूर झाला. साहजिकच ठेकेदाराने पैसे थकवले, तर तो मजुरी बुडवणारा नियोक्ता की देणे चुकवणारा खरेदीदार, असा नवा पेच उभा राहिला.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी 29 जुने कायदे सामावून घेतले. त्यांपैकी वेतन संहितेने किमान वेतन ठरावीक उद्योगांपुरते न ठेवता सर्व रोजगारांना लागू केले, नियोक्त्याच्या व्याख्येत ठेकेदाराला घेतले आणि वेतन चुकते केल्याचे सिद्ध करण्याचा भार नियोक्त्यावर टाकला. अंगठा उमटवून मजुरी घेणाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे. याउलट सुरक्षाविषयक संहितेने कंत्राटी कामाची मर्यादा वीस मजुरांवरून पन्नासवर नेली आणि साठ दिवसांची अट तशीच ठेवली. कामावरच्या जिवाच्या धोक्याबाबतही धनी सापडत नाही : मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. अशा मृत्यूची भरपाई शासन वन्यप्राण्याचा हल्ला म्हणून देते; कामावर असताना आलेला मृत्यू म्हणून त्याची जबाबदारी घेणारा धनी मात्र पुढे येत नाही.

म्हणून ग्रामसभेचा करारनामा हाच या जंगलातील कामगार कायद्याचा खरा दस्तऐवज ठरतो. शेकड्याचा दर, मजुरी देण्याची तारीख, पुडा बाद करण्याचे निकष, आगाऊ अनामत आणि अपघाताची जबाबदारी या बाबी त्यात स्पष्ट लिहिल्या गेल्या पाहिजेत. पानाची मालकी मिळाली म्हणून मजुरीचा हक्क संपत नाही, ही जाणीव जितकी ठेकेदाराने बाळगायची आहे तितकीच, आता नियोक्त्याच्या जागी येऊन उभ्या राहिलेल्या ग्रामसभेनेही बाळगायची आहे.