तळटीप : परशुरामाची भूमी

एडवण आणि सोपारे (प्राचीन शूर्पारक) ज्या किनाऱ्यावर वसले आहेत, तो परशुरामाने समुद्र मागे हटवून मिळवला, ही महाभारतात आणि स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या ‘सह्याद्रिखंडा’त येणारी कथा, सोपाऱ्याला 1882 मध्ये सापडलेला अशोकाच्या आठव्या आदेशलेखाचा तुकडा ज्या अर्थाने पुरावा आहे, त्या अर्थाने पुरावा नव्हे; परंतु तिला निव्वळ कल्पित ठरवणेही अन्यायाचे होईल, कारण ती मिथक, म्हणजे समाजाने आपले भूमीशी असलेले नाते सांगण्यासाठी जपलेली पवित्र कथा, आहे. वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये प्रकाशित केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त तर पौराणिक वंशावळी आणि केळवे-माहीमचा राजकीय वृत्तांत एकाच ओघात येत असल्याने वाचनाची रीत प्रकरणागणिक बदलावी लागते.