साखर आणि रक्तदाब : एका विस्मृत निरीक्षणाचा इतिहास

१९२३ साली एस्किल कीलिन या स्वीडिश डॉक्टरांनी एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या रुग्णांमध्ये तीन गोष्टी वारंवार एकत्र आढळत होत्या : चढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेली साखर आणि वाढलेले युरिक आम्ल. कीलिन यांनी या त्रयीला एकाच लक्षणसमूहाचे नाव दिले. पुढची कित्येक दशके वैद्यकाच्या मुख्य प्रवाहाने त्या लेखाची फारशी दखल घेतली नाही. ती का घेतली नाही आणि त्या विस्मृतीची किंमत काय पडली, हा या धाग्याचा विषय.

मधुमेह मानवाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत त्याचे वर्णन येते, आणि मूत्राची गोडी ही त्याची खूण त्यांना परिचित होती. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी ही गोडी साखरेचीच असते आणि रुग्णाच्या रक्तातील द्रवही गोड लागतो, हे दाखवले. रक्तदाबाला मात्र अशी कोणतीही खूण नव्हती. तो जिभेला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. १८९६ साली तुरिन येथे शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायची हवेची पट्टी आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी केली, १९०५ साली निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्टीखाली धमनीचे आवाज ऐकण्याची रीत सांगितली, आणि तेव्हा कुठे दवाखान्यात रक्तदाब मोजणे सुकर झाले. रक्तातील साखरेची अडचण निराळी होती. ती मोजायला भरपूर रक्त लागे, त्यामुळे एकाच रुग्णाची चाचणी पुन्हापुन्हा करता येत नसे. स्वीडनमधील लुंड येथील इव्हार बांग यांनी १९१३च्या सुमारास काही थेंबांवर भागणारी पद्धत बसवली.

म्हणजे एकाच माणसाच्या शरीरातील हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडणे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापूर्वी जवळपास अशक्य होते. ते शक्य होताच संबंध दिसू लागला, तोही एकाच वेळी अनेकांना. १९२१ साली व्हिएन्नात कार्ल हिट्झेनबर्गर यांनी त्यावर लिहिले. १९२२ साली माद्रिदच्या ग्रेगोरिओ मारान्यॉन यांनी उच्च रक्तदाब ही मधुमेहाची पूर्वसूचना असू शकते, अशी मांडणी केली. (हेच मारान्यॉन पुढे रोमन सम्राट तिबेरियस आणि स्पेनचे ओलिव्हारेस यांचे चरित्रकार म्हणून नावाजले, इतिहासाच्या वाचकांना ते त्या वाटेने भेटतात.) त्यांचा लेख ज्या नियतकालिकात आला, त्यातच वर्षभराने कीलिन यांचा आला.

परंतु त्या वर्षांत वैद्यकविश्वाचे डोळे टोरोंटोकडे लागले होते. जानेवारी १९२२ मध्ये तेथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्शुलिन टोचण्यात आले आणि मरणाच्या दारातली मुले घरी परतू लागली. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या झळझळीत यशातून एक समजूत रुजली : मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा अभाव. त्या मुलांच्या बाबतीत ती पूर्णतः खरी होती. पण कीलिन ज्यांच्याविषयी लिहीत होते ते रुग्ण बहुधा प्रौढ, पोट सुटलेले आणि दाब चढलेले असत. अभावाच्या चौकटीत रक्तदाबाला जागाच नव्हती.

रक्तदाबाच्या बाजूनेही दार बंद होते. १९११ साली एरिख फ्रँक या जर्मन डॉक्टरांनी, ज्याचे कारण मूत्रपिंडात वा अन्यत्र सापडत नाही अशा उच्च रक्तदाबासाठी ‘एसेन्शियल’ हे विशेषण रूढ केले. त्यांच्या दृष्टीने तो स्वयंभू, मूळचाच विकार. पुढे अनेक डॉक्टरांनी या शब्दाचा अर्थ ‘आवश्यक’ असा लावला : धमन्या अरुंद झाल्या आहेत, रक्त पुढे ढकलायला दाब लागणारच, तो उतरवणे धोक्याचे. एका विशेषणाने इतके नुकसान केल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडी असतील. विलक्षण गोष्ट अशी की याच फ्रँक यांनी १९२६ साली मधुमेहावर तोंडाने घ्यायचे ‘सिंथालिन’ हे औषध पुढे आणले. दोन्ही आजार एकाच माणसाच्या मेजावर होते. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि उरलेले आयुष्य त्यांनी इस्तंबूलमध्ये अध्यापनात घालवले.

अभावाच्या सिद्धान्ताला पहिला तडा लंडनमध्ये गेला. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना एकाच वेळी ग्लुकोज पाजले आणि इन्शुलिन टोचले. काहींची साखर इन्शुलिनने आटोक्यात राहिली. काहींच्या शरीरावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. १९३६ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात त्यांनी मधुमेहाचे दोन प्रकार सांगितले : इन्शुलिनला दाद देणारा आणि न देणारा. पुढे १९३९च्या व्याख्यानांत त्यांनी रुग्णांचे वर्णनही केले. दाद देणारे तरुण, कृश, दाब सामान्य असलेले. दाद न देणारे वयस्क, स्थूल, दाब चढलेले, धमन्या कडक झालेले. कीलिन यांच्या रुग्णांशी ही दुसरी ओळख तंतोतंत जुळते. पण रक्तातील इन्शुलिन मोजण्याची रीतच नसल्याने हिम्सवर्थ यांचे म्हणणे दीर्घकाळ केवळ अनुमान राहिले.

ती रीत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात, झाडूवाल्याच्या जुन्या खोलीत थाटलेल्या प्रयोगशाळेत सापडली. रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर. इन्शुलिनविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, हा त्यांचा १९५०च्या दशकातील निष्कर्ष नियतकालिकांनी आधी नाकारला. यॅलो यांनी नकाराचे पत्र जपून ठेवले आणि १९७७च्या नोबेल व्याख्यानात ते जगापुढे ठेवले. बर्सन तोवर हयात नव्हते. त्या प्रतिपिंडांचाच उपयोग करून त्यांनी १९६०पर्यंत रक्तातील इन्शुलिनचे अत्यल्प प्रमाण किरणोत्सारी खुणेने मोजून दाखवले. प्रौढ मधुमेहींचे रक्त तपासले तर काय निघाले? अनेकांत इन्शुलिन कमी तर नव्हतेच, उलट सामान्य माणसापेक्षा अधिक होते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओतत होते आणि शरीर त्याला जुमानत नव्हते.

आता रक्तदाबाच्या रुग्णांकडे वळणे ओघानेच आले. १९६६ साली वेलबॉर्न आणि सहकाऱ्यांनी ‘एसेन्शियल’ रक्तदाब असलेल्यांच्या रक्तात इन्शुलिन वाढलेले असल्याचे दाखवले. १९७५ साली राल्फ डीफ्रॉन्झो यांनी निरोगी माणसांच्या शिरेत इन्शुलिन सोडले, साखर स्थिर राहील अशी काळजी घेतली आणि मूत्रातील सोडियम मोजला. तो घटला. इन्शुलिन मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला लावते, आणि मिठामागोमाग पाणी थांबते, हे प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णाला पथ्यातून ठाऊक असते. साखर व दाब यांना जोडणारा एक दुवा प्रथमच हाती लागला.

निर्णायक पुरावा १९८७चा. एलेउतेरिओ फेर्रान्निनी आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब असलेले १३ तरुण आणि सामान्य दाबाचे ११ जण निवडले. वजन बेताचे, साखर सामान्य. मधुमेह किंवा स्थूलता यांवर बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही इन्शुलिनच्या प्रभावाखाली ग्लुकोज वापरण्याची रक्तदाबाच्या रुग्णांची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरली. साखर चढण्याच्या कितीतरी आधी बिघाड सुरू झालेला होता. मारान्यॉन यांनी ६५ वर्षांपूर्वी हेच सुचवले होते.

१९८८ साली स्टॅनफर्डचे जेरल्ड रीव्हन यांनी ‘बँटिंग व्याख्याना’त हे सारे धागे एकत्र विणले. इन्शुलिनरोध, चढती साखर, वाढलेले इन्शुलिन, मेदाचे बिघडलेले प्रमाण आणि उच्च रक्तदाब यांच्या समूहाला त्यांनी ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. ज्यांचे नाव व्याख्यानाला होते त्या बँटिंग यांच्या यशानेच तर हा विषय झाकोळला होता!

मात्र सगळे गणित इन्शुलिनवर सोडवता येत नाही, हेही लवकरच उघड झाले. ज्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन स्रवणारी गाठ असते, त्यांचा दाब चढलेला आढळत नाही. अ‍ॅरिझोनातील पिमा लोकांमध्ये इन्शुलिनरोध पुष्कळ. पण १९९१च्या अभ्यासात त्यांच्या रक्तदाबाशी त्याचा मेळ बसला नाही. इन्शुलिन स्वतः रक्तवाहिन्या सैलही करते. आज चित्र अनेक धाग्यांचे दिसते : मीठ धरून ठेवणारे मूत्रपिंड, उत्तेजित मज्जासंस्था, सैल होण्याची क्षमता गमावलेल्या रक्तवाहिन्या, आणि वर्षानुवर्षे चढलेल्या साखरेने कडक झालेल्या धमन्यांच्या भिंती. साखर आणि दाब यांत एक कारण आणि दुसरा परिणाम असे सरळ नाते नाही. दोघांची मुळे बरीचशी एकाच जमिनीत आहेत, आणि वाढ झाल्यावर दोघे एकमेकांना खतपाणी घालतात.

या विस्मृतीचा हिशेब १९९८ साली मांडला गेला. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ साली सुरू केलेल्या ब्रिटनच्या विशाल मधुमेह-अभ्यासाचे निष्कर्ष त्या वर्षी बार्सिलोनात जाहीर झाले. साखर कसोशीने आटोक्यात ठेवलेल्यांत डोळे व मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात १,१४८ मधुमेहींच्या रक्तदाबाचा वेगळा प्रयोग होता. एका गटाचा सरासरी दाब १४४/८२ राखला गेला, दुसऱ्याचा १५४/८७. फरक अवघा दहा आणि पाच अंकांचा. त्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी, पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. मधुमेह्याचे प्राण वाचवायला साखरेइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक, रक्तदाबाकडे पाहायला हवे होते. दोन आकडे दोन वेगळ्या कागदांवर लिहिण्याची सवय किती रुग्णांना भोवली असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

या कथेतील एक प्रकरण पुण्यात लिहिले गेले. इंग्लंडमधील हर्टफर्डशायरच्या दाईंनी १९११पासून नोंदवहीत बाळांची वजने टिपून ठेवली होती. त्यांच्या आधारे डेव्हिड बार्कर यांनी १९९३ साली दाखवले की जन्मतः कमी वजनाच्या बाळांमध्ये म्हातारपणी रीव्हन यांचा लक्षणसमूह अधिक आढळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने म्हातारपणाची वाट पाहिली नाही. तेथे जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जी मुले जन्मतः लहानखुरी होती आणि आठव्या वर्षी अंगाने भरली होती, त्यांच्यात इन्शुलिनरोध आणि रक्तदाब या दोहोंचा कल सर्वांत प्रतिकूल होता. कीलिन यांच्या दवाखान्यात जी जोडी प्रौढांच्या रूपाने आली होती, ती इथे तिसरी-चौथीतल्या मुलांत पाऊल टाकताना दिसली.