अडखळणारा सम्राट

कोकणात पालीसारख्या गावी जुन्या पेट्या, फडताळे आवरताना कधीकधी १९४० च्या आसपासची नाणी हाती लागतात. त्यांवरचा मुकुट घातलेला चेहरा सहाव्या जॉर्जचा, म्हणजे हिंदुस्थानच्या अखेरच्या सम्राटाचा. ज्याच्या नावाने इथला कारभार चाले, त्याला भर सभेत उभे राहिले की शब्द फुटत नसे. २०१० सालच्या ‘द किंग्ज स्पीच’ या चित्रपटाने ही हकिगत जगभर पोचवली. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर त्याला मिळाले. चित्रपट चांगलाच आहे. पण इतिहास म्हणून तो वर्गात दाखवायचा तर थोडी पडताळणी करायला हवी.

जॉर्जचा जन्म १८९५ चा. तो मूळचा डावखुरा. त्याला उजव्या हाताने लिहायला लावले गेले. सुमारे आठव्या वर्षी तो अडखळू लागला. या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह होतो. एके काळी तज्ज्ञही ती घालत. पण हात बदलायला लावल्याने तोतरेपणा येतो, असे काही सिद्ध झालेले नाही. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपाचे त्याचे भाषण फार केविलवाणे झाले. पुढच्या वर्षी, १९ ऑक्टोबरला, तो लंडनमध्ये लायोनेल लोगकडे गेला. लोग ऑस्ट्रेलियाचा. त्याच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. वक्तृत्व शिकवता शिकवता, पहिल्या महायुद्धातून वाचा बिघडून परतलेल्या सैनिकांवर त्याने काम केले होते. श्वास पोटातून घेणे, मजकुरात थांबण्याच्या जागा आखून ठेवणे, अडणारा शब्द बदलून दुसरा घालणे आणि रोजचा सराव, असे त्याचे साधे उपाय होते. ९ मे १९२७ रोजी कॅनबेरा येथे संसदभवनाच्या उद्घाटनाला जॉर्ज बोलला, तो जवळजवळ न अडखळता.

म्हणजे खरी सुधारणा सातच महिन्यांत झाली होती. चित्रपटात मात्र दोघांची ओळख राज्यारोहणाच्या जरा आधी झाल्यासारखी वाटते आणि कळस येतो तो ३ सप्टेंबर १९३९ च्या युद्धघोषणेच्या भाषणाला. नाट्यासाठी दहा-बारा वर्षे आवळून घेतली आहेत. लोग राजाला घरगुती नावाने हाक मारतो, तेही काल्पनिकच. त्याची पत्रे अदबीची आहेत. आणि राजा ‘बरा’ असा कधी झालाच नाही. मोठ्या भाषणाआधी तयारी लागे ती लागेच. पटकथाकार डेव्हिड साइडलर स्वतः लहानपणी अडखळत असे. राजाच्या विधवा पत्नीने आपल्या हयातीत हे नको म्हटले, म्हणून तो २००२ पर्यंत थांबला. अशी सबुरी आता दुर्मीळ.

एक प्रसंग मात्र शास्त्राला धरून आहे. कानात मोठ्याने संगीत चालू असताना राजा शेक्सपिअर वाचतो आणि कुठे अडत नाही. स्वतःचा आवाज झाकला गेला की अनेकांचे अडखळणे कमी होते. गातानाही तसेच. याचा दाखला आपल्या शाळेतच मिळतो. सगळ्या वर्गाबरोबर पाढे म्हणताना जो मुलगा सुरळीत असतो, तोच हजेरीला ‘हजर’ म्हणताना ‘ह’वर अडतो. जीभ तीच, बुद्धीही तीच. तेव्हा वेखंड उगाळून चाटवणे किंवा अक्कलकाऱ्याची फुले चघळायला देणे, यांनी काय साधणार? दोष जिभेत नाही. मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव आणि वेळ साधण्याची जी क्रिया चालते, तिथे कुठेतरी अडचण येते. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे. शंभरातली सुमारे पाच मुले कधी ना कधी अडखळतात; बहुतेकांचे ते आपोआप जाते आणि मोठेपणी शंभरात एखाद्याचे उरते. मुलग्यांत प्रमाण जास्त.

‘सावकाश बोल’, ‘दमाने घे’ असे भर वर्गात सांगितल्याने ताण वाढतो. त्याचे वाक्य आपण पुरे केले तरी तेच. प्रकट वाचनाची पाळी आली की त्याला शेजारच्या मुलाबरोबर, एका सुरात वाचू द्यावे. पहिल्या दोन ओळी झाल्या की शेजाऱ्याने हळूच आवाज कमी करावा, आणि तो कुठवर एकटा जातो ते पाहावे.