‘परमिट रूम’मधलं परमिट कसलं?

आजचा विषय दारूचा आहे, तेव्हा घरचे आसपास असतील तर हेडफोन लावून ऐका.

आधी एक प्रश्न. तुमच्यापैकी जे कधीमधी ‘बसतात’, त्यांच्यातल्या किती जणांकडे दारू पिण्याचा परवाना आहे? बारकडे लायसन्स असतं, ते वेगळं. मी तुमच्या स्वतःच्या नावाच्या परवान्याबद्दल विचारतोय. महाराष्ट्रात तो लागतो, आजही लागतो. एका दिवसाचा हवा असेल तर विदेशी दारूसाठी पाच रुपये आणि देशीसाठी दोन रुपये. वर्षाचा शंभर रुपये, आजन्म हवा तर हजार. आणि हा परवाना मिळतो कशासाठी? तर आरोग्य टिकवण्यासाठी! म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तुम्ही जी बिअर पिता, ती कायद्याच्या भाषेत औषध आहे.

मला हे सगळं कळलं ते एका टूरमुळे. मुंबईत जुन्या आणि जरा हटके बारची संध्याकाळची टूर असते, तुमच्यासोबत गाइड चालते आणि तीन-चार तास शहर दाखवते. आम्ही आठ जण होतो. जिथे कॉकटेलमधून धूर निघतो असे बार यात नव्हते. आपले आई-वडील ज्यांच्यासमोरून जाताना पावलं भरभर उचलायला लावायचे, ते हे बार. बाहेर पाटी ‘परमिट रूम’, दाराला काळी काच, आतलं काही म्हणजे काही दिसत नाही.

संध्याकाळी सहाला मेट्रो सिनेमापाशी जमलो. पहिला थांबा धोबीतलावच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या दुमजली घरासमोर. तिथे बार नव्हता, पाटी नव्हती, प्यायलाही काही नव्हतं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर वाळत घातलेले कपडे. आमच्यातला एक जण म्हणाला, “ताई, इथं काय बघायचं?” गाइड म्हणाली, “इथंच तर सगळं झालं. या भागात आंट्यांचे अड्डे होते.”

आता थोडं मागे जाऊ.

मुंबईत दारू ही ब्रिटिशांनी आणलेली गोष्ट नाही. ताडी-माडी इथे आधीपासून होती आणि ती काढण्याचं काम परंपरेनं भंडारी समाजाचं. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा आला. दारू गाळायची कुणी, विकायची कुणी, माडाच्या प्रत्येक झाडामागे कर किती, हे सगळं सरकारनं स्वतःच्या हातात घेतलं. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला. ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींच्या रोजच्या खाण्यापिण्यातली ही फुलं, पण त्यांचा साठा, त्यांची विक्री यांवरही बंधनं आली. दारू ही सरकारच्या तिजोरीची मोठी बाजू झाली. म्हणून तर १८८० मध्ये पुण्यात दारूची दुकानं वाढायला लागली तेव्हा महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत त्याला विरोध केला. पुढे १९३० च्या सत्याग्रहात मुंबईतल्या बायका दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं करायला उभ्या राहिल्या. दारू विकणं हे परक्या सरकारचं उत्पन्न होतं, त्यामुळे दारूबंदी हा स्वातंत्र्याचाच एक भाग होता. आज आपल्याला दारूबंदी म्हणजे कुणीतरी आपली मजा बंद करतंय असं वाटतं. त्या काळी चित्र उलटं होतं.

१ ऑगस्ट १९३९ ला बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं मुंबई शहरात दारूबंदी लावली. ते खातं सांभाळणारे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी. गंमत बघा, दारूच्या धंद्यात पारशांचा मोठा वाटा. दारूवाला, बाटलीवाला ही आडनावं उगाच नाही पडली! साहजिकच त्यांच्या समाजातून जोरदार विरोध झाला. काही महिन्यांतच महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि तो प्रयोग रखडला. स्वातंत्र्यानंतर मात्र १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मुख्यमंत्री पुन्हा खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. १९५० पासून अख्खं राज्य कोरडं.

आणि कोरडं म्हणजे किती कोरडं? मूळ कायद्यात दारूची स्तुती करणं हासुद्धा गुन्हा होता. म्हणजे हा पॉडकास्टसुद्धा धोक्यात आला असता! एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ याविरुद्ध कोर्टात गेले. व्हिस्की-ब्रँडीसोबत त्यांच्या यादीत ऊद कोलोनही होतं, कारण अल्कोहोल त्यातही असतं. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण स्तुतीचं कलम भाषणस्वातंत्र्यात बसत नाही म्हणून काढलं, आणि अल्कोहोल असलेली औषधं नि अत्तरंसुद्धा बंदीतून सोडवली.

आता त्या दुमजली घराकडे परत येऊ. बंदी आली म्हणून तहान गेली नाही. शहरात हातभट्टी सुरू झाली. काळा गूळ, नवसागर, पाणी, सडवायचं, मग गाळायचं. धारावी-अँटॉप हिलकडून माल ट्रकच्या टायरच्या ट्यूबमध्ये भरून शहरात यायचा. आणि तो विकला जायचा धोबीतलाव, गिरगाव, वांद्र्याच्या घरांमधून. विकणाऱ्या बऱ्याच जणी गोव्याच्या किंवा इथल्याच ख्रिस्ती बायका, म्हणून नाव पडलं ‘आंटी’. पुढची खोली हाच बार. दोन बाकं, काचेचे ग्लास, सोबत उकडलेली अंडी किंवा चणे. आतल्या खोलीत पोरं अभ्यास करतायत.

सिनेमानं आंटीला विनोदी पात्र केलं. गाइड म्हणाली ते मला जास्त पटलं. ती म्हणाली, “शिक्षण नाही, नवरा गेलेला किंवा जहाजावर. घर सोडून नोकरीला जाता येत नाही. मग घरातच चालेल असा धंदा कुठला?” धोका सगळा आंटीचा होता. हप्ता तिनं द्यायचा, धाड पडली की पकडली तीच जायची. मोठा पैसा मात्र भट्टी आणि वाहतूक ज्यांच्या हातात, त्यांनी कमावला. वरदराजन मुदलियारसारखे डॉन याच धंद्यातून वर आले. मुंबईच्या अंडरवर्ल्डबद्दल आपण सोन्याच्या तस्करीपासून बोलायला लागतो. त्याच्याही आधी हातभट्टीचा पैसा होता, आणि तो दारूबंदीनं तयार केला होता.

दुसरा थांबा ग्रँट रोडच्या बाजूला. एकेकाळचा इराणी, आता परमिट रूम. संगमरवरी टेबलं तीच, वर फिरणारे पंखे तेच, फक्त ब्रून मस्क्याच्या जागी बिअर. पहिली बाटली इथे उघडली.

भिंतीवर फ्रेममध्ये लायसन्स, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘एफएल-३’. एफएल म्हणजे फॉरेन लिकर. आता ऐका, कायद्याच्या हिशेबात नाशिकला बनलेली व्हिस्कीसुद्धा ‘विदेशी’च. आणि ‘परमिट रूम’ म्हणजे अशी खोली, जिथे परवानाधारकाला बसून पिता येतं. बंदीच्या काळातही काहींना सूट होती. परदेशी पाहुण्यांना होती, लष्कराच्या कँटीनला होती, आणि ज्याच्या तब्येतीला दारू ‘आवश्यक’ आहे असा डॉक्टरांचा दाखला मिळेल त्याला होती. ओळखीचा डॉक्टर कुणाकडे असतो, हे सांगायला नको. मलबार हिलच्या माणसाची तब्येत नाजूक ठरायची, परळच्या माणसाची ठणठणीत!

१९६० च्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाल्यावर परवान्यांचे नियम सैल होत गेले. पण कायदा रद्द कुणी केला नाही. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीचा कोड असतो. तो काढायची हिंमत कुणी करत नाही. नवा नियम आला की वर एक ‘इफ’ टाकायचा, पुढच्या वर्षी आणखी एक. आतला मूळ कोड अजून ‘सगळं बंद’ असंच म्हणतोय, पण अपवाद इतके झालेत की वापरणाऱ्याला सगळं सुरू दिसतं. आपली दारूबंदी तशीच आहे. नाव तेवढं बदललं, मुंबईचा आता ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ झाला. त्याच कायद्याखाली राज्य दर वर्षी वीस हजार कोटींहून जास्त उत्पादन शुल्क गोळा करतं.

मी वेटरकाकांना विचारलं, “काका, परवाना बघता का कुणाचा?” ते हसले. “साहेब, पुस्तक असतं आमच्याकडे एका दिवसाच्या परवान्यांचं. वरून कुणी आलं की भरतो.” वय मात्र ते बघतात म्हणाले. कडक दारूला २५ पूर्ण, बिअरला २१.

तिसऱ्या थांब्याला टॅक्सी करून लालबागला गेलो, देशी दारूच्या बारमध्ये. बाहेर हिरवा रंग, आत खुर्च्या कमी, उभी माणसं जास्त. गल्ल्यावरचा माणूस आधीच म्हणाला, “ताई, फोटो नको हं कुणाचे.” बरोबर आहे. माणसं दमून आलेली असतात, ती काही प्रदर्शन नाहीत. इथे संगीत नाही, मेन्यू नाही. संत्र्याच्या वासाची बाटली, पाणी, मीठ, दोन घोटांत काम, आणि माणूस घरी.

१९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि हे बार अधिकृत झाले. म्हणजे बघा, श्रीमंताला डॉक्टरच्या दाखल्यावर पहिल्या दिवसापासून मिळत होती. गिरणी कामगाराला कायदेशीर दारू मिळायला वीसहून जास्त वर्षं लागली. मधल्या काळात तो हातभट्टीच पीत होता, आणि तुरुंगातही तोच जात होता.

पण थांबा. इथे मला माझी आजी आठवते. ती डिलाईल रोडच्या चाळीत राहिलेली. ती सांगायची, पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या गेटवर जाऊन उभ्या राहायच्या. नवरा गुत्त्यावर पोचायच्या आत पाकीट हातात घ्यायचं. तिला मी एकदा म्हणालो होतो, “आजी, बंदी घालून काय होतं? लोक चोरून पितातच.” ती म्हणाली, “चोरून पिणारा दबकत घरी येतो रे. उघड पिणारा लाथ मारून दार उघडतो.” माझ्याकडे याला आजही चोख उत्तर नाही. तिच्यासारख्याच बायकांमुळे पुढे नियम आला, की वॉर्डातल्या किंवा गावातल्या महिलांनी मतदान करून दारूचं दुकान बंद करायचं. मतपत्रिकेवर चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिलांनी बाटली आडवी केली की दुकान बंद.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. नशा स्वस्तात चढावी म्हणून त्यात मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरतात ते. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळे जातात, मग जीव. तेव्हा महाराष्ट्रात देशी दारू कायदेशीर होऊन चाळीस वर्षं झाली होती. तरी ही माणसं तिथे का गेली? कारण कर लावलेली देशीही त्यांना महाग पडत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. वर्धा आणि गडचिरोलीत ती अजून आहे. म्हणजे हा वाद इतिहासजमा झालेला नाही, आपल्याच राज्यात दर काही वर्षांनी तो नव्यानं सुरू होतो.

टूर संपल्यावर माझं मत बनलं ते असं. दारूबंदी चांगली की वाईट, हा प्रश्न फार ढोबळ आहे. प्रत्येक नियमाला विचारायचा खरा प्रश्न म्हणजे, याचा खर्च कोण भरणार? १८७८ मध्ये तो भंडाऱ्यांनी भरला. १९५० नंतर आंटीनं भरला आणि गिरणी कामगारानं भरला. खुली दारू आली तेव्हा गेटवर उभ्या असलेल्या माझ्या आजीनं भरला. मालवणीत तर लोकांनी जिवानं भरला. मलबार हिलच्या वाट्याला यातलं काही आलं नाही, ना बंदीत, ना बंदी सैल झाल्यावर.

पुढच्या वेळी काळ्या काचेचं दार ढकलाल तेव्हा वरची पाटी नीट वाचा. तो शब्द सजावटीसाठी नाहीये. आणि हो, तुमच्या घरात कुणी गिरणगावातलं, गिरगावातलं, वांद्र्याचं जुनं माणूस असेल तर त्यांना दारूबंदीच्या दिवसांबद्दल विचारा. बायकांना आवर्जून विचारा, कारण पुरुषांचे किस्से पिण्याचे असतात, त्यांचे घर चालवण्याचे असतात. जे ऐकाल ते व्हॉइस नोट करून पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू.

तोवर काळजी घ्या, पिऊन गाडी चालवू नका. भेटूया!