दूरचा शब्द आणि त्याचे साक्षी

परदेशीं राहणाऱ्या मुलानें घरच्या जमिनीचें मुखत्यारपत्र करून धाडावयाचें, किंवा अंथरुणास खिळलेल्या वडिलांनीं मृत्युपत्रावर सही करावयाची, तर ती कोणासमोर, हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो. अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानानें 2011 सालीं कायदा करून, नोटरी एका गांवीं व सही करणारा दुसऱ्या गांवीं, दोघांची भेट केवळ यंत्राच्या पडद्यावर, अशी रीत मान्य केली. ही अडचण अगदीं नवी, असा समज होणें साहजिक आहे. परंतु नाशिककरांस तिचा इतिहास पाहण्यासाठीं पांडवलेण्यांपलीकडे जावयास नको.

तेथील तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीची 18 व्या राज्यवर्षाची आज्ञा कोरलेली आहे. राजा सैन्याच्या विजयी छावणींत; दान व्हावयाचें तें गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालिताच्या हातून. पूर्वीं उषवदाताकडे असलेलें पश्चिम काखडी गांवचें 200 निवर्तनांचें शेत त्रिरश्मि डोंगरावरील भिक्षूंस द्यावें व त्याची तेथें नोंद करवावी, असा हुकूम आहे. राजा जातीनें समोर नाहीं, म्हणून लेखाच्या शेवटीं सर्व सांखळी जोडून दिली आहे: आज्ञा तोंडी झाली, ती अमात्य शिवगुप्तानें लिहिली, महास्वामिकांनीं जपली. दूरच्या शब्दाची जबाबदारी अशी एकेका माणसाच्या गळ्यांत घातलेली होती.

आणि तरीहि घोटाळा झालाच. 24 व्या वर्षीं राजा व राजमाता यांनीं श्यामक नामक अमात्यास कळविलें, तें त्याच लेण्यांत वाचावयास मिळतें: काखडीचें तें शेत कोणी कसीत नाहीं, गांवहि ओस आहे, सबब त्याऐवजीं नगराच्या सीमेवरील राजकीय शेतापैकीं 100 निवर्तनें द्यावीं. पहिल्या लेखांत खोट कांहींच नव्हती. खोट शेतांत होती. शब्द कोणाचा, एवढेंच साक्षांकन सिद्ध करतें; तो परिस्थिति जाणून दिला कीं नाहीं, हें त्याच्या कक्षेबाहेरचें आहे.

येथें मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मुखत्यारपत्र करणारा हयात असतो; चूक कळतांच त्यास तें फिरवितां येतें, जसें सातकर्णीस सहा वर्षांनीं करतां आलें. मृत्युपत्र बोलूं लागतें तें कर्ता गेल्यावर. म्हणूनच 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचें 63 वें कलम सामान्यतः निदान दोन साक्षीदार मागतें: त्यांनीं सही होतांना पाहिली असावी, किंवा ती आपली असल्याचें कर्त्याच्या तोंडून ऐकलें असावें, आणि स्वतःची सही त्याच्या देखत केली असावी. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेंहि मृत्युपत्रास आपल्या कक्षेबाहेर ठेविलें आहे.

हें कित्येकांस जुनाट वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. दहाव्या लेण्यांत उषवदातानें 3000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेविल्याचा लेख आहे. तो सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकविला व रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविला, असें तो सांगतो. आधीं ऐकविणें, मग नोंद. पडद्यावर मुद्रा दिसते, सहीहि दिसते. वडिलांच्या खाटेपाशीं पडद्याबाहेर कोण उभें आहे, तें मात्र दिसत नाहीं. मुखत्यारपत्रापुरती यंत्राची सोय खुशाल घ्यावी; परंतु ज्या शब्दाचा धनी पुन्हां विचारावयास सांपडणार नाहीं, त्यास खोलींत बसलेलीं दोन माणसें असूं द्यावीं.