विंचवाचं बिऱ्हाड आणि डोंगराचं पंचांग

परवा लेकीचा जर्मनीहून फोन आला. "बाबा, मोटारहोम भाड्याने घेतोय. आल्प्समध्ये आठ-दहा दिवस फिरायचं. तुम्ही यायचंच. आणि आखणी तुम्ही करायची, इतिहासाचे मास्तर ना तुम्ही!"

मागोमाग नातीने फोटो पाठवले. गाडीतच झोपायची सोय, गॅसची शेगडी, भांडी घासायला छोटंसं बेसिन, संडास आणि पोटाखाली पाण्याची टाकी. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतात ते हेच, असं मनात आलं आणि हसू आलं. म्हटलं, यात आम्हा जामखेडकरांना नवल ते काय?

घर चाकावर चढवून निघणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघत. बैलगाडीत पीठ, तवा, गोधड्या, कोयते आणि सगळ्यात वर पोरं. कारखान्याच्या रानात कोपी उभी करायची आणि पट्टा पडेपर्यंत तेच घर. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना मागचे बाक रिकामे दिसत. पुढे बैलगाडीच्या जागी ट्रक-ट्रॅक्टर आले, पण बाक भरले नाहीत. तेव्हा 'घर बरोबर नेणं' ही काहींची हौस असते आणि काहींची गरज, हे आधीच सांगून टाकतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की आपल्या पठारावर प्रवासाचा मोसम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. नद्या उतरतात, वाटा वाळतात, गुरांना चारा असतो. म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन. मराठ्यांच्या मोहिमाही याच हिशोबाने चालत. आमच्या तालुक्यातली खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची, म्हणजे अशाच पावसाळ्यानंतरच्या मोसमातली. हे पंचांग आमच्या हाडात इतकं मुरलंय, की जगात दुसरं पंचांग असेल हे आम्हाला सुचत नाही. लेकीलाही सुचलं नाही. ती म्हणाली, "दिवाळी तिकडेच करा, भाऊबीज उरका, मग निघा."

भाऊबीज हा शब्द ऐकला आणि मी गप्प झालो. ही गोष्ट घरात सगळ्यांना अर्धीमुर्धी माहीत आहे. आज पूर्ण लिहितो.

१९८१ साल. आईच्या मनात फार वर्षांपासून केदारनाथ होता. त्याला कारण चौंडी. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालचा, आमच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्यांनी काशीपासून रामेश्वरपर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या आणि केदारनाथलाही यात्रेकरूंची सोय केली, हे आई लहानपणापासून ऐकत आलेली. "आपल्या शिवारातल्या बाईनं तिथवर सोय केली आन् आपण साधं बघायला बी जायचं न्हाई?" असं ती म्हणायची.

आखणी माझ्याकडे होती. दादा म्हणाले, आधी ज्वारी पेरून होऊ दे. मला दिवाळीची सुट्टी सोयीची. बहिणी भाऊबीजेला येणार, त्यांना ओवाळू द्यायचं. सगळ्यांची सोय पाहून मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख काढली. वातीचा स्टोव्ह, तांदूळ, मेतकूट, दोन वळकट्या घेऊन एसटीने नगर, पुढे रेल्वेने दिल्ली आणि तिथून हरिद्वार. धर्मशाळेत वळकटी सोडली आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी विचारलं, कुठे निघालात? सांगितलं. ते म्हणाले, "मास्टरजी, केदारनाथ के कपाट तो भैयादूज को बंद हो गए।"

भैयादूज म्हणजे भाऊबीज. ज्या दिवशी आमच्या घरी ओवाळणं चाललं होतं, त्याच दिवशी तिकडे दार लागलं होतं. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर. भाऊबीजेला देऊळ मिटतं, देवाची उत्सवमूर्ती खाली उखीमठला आणतात आणि सहा महिने पूजा तिथे होते. हे काही गुपित नव्हतं. मुलांना पानिपतच्या तारखा पाठ करायला लावणाऱ्या मास्तराने एक पोस्टकार्ड टाकून विचारलं असतं तरी कळलं असतं.

आई एवढंच म्हणाली, "आसू दे. देवाला बी थंडी वाजती की." गंगेचं पाणी भरून आम्ही परतलो. पुढच्या वर्षी जाऊ, असं ठरलं. पुढच्या वर्षी दुष्काळी दिवस, त्याच्या पुढच्या वर्षी आई राहिली नाही.

असो. लेकीचा फोन ठेवला आणि वही घेतली. आल्प्समध्येही डोंगराचंच पंचांग चालतं. सप्टेंबरात तिकडचे गुराखी वरच्या कुरणांतून गायी खाली गावात आणतात. गायींना फुलांनी सजवतात, गळ्यात मोठाल्या घंटा बांधतात. आपला पोळाच म्हणा ना! पण त्यातली खूण ओळखायची: गुरं उतरली की माणसानेही वर रेंगाळू नये. फुर्का घाट २,४२९ मीटरवर, ग्रेट सेंट बर्नार्ड २,४६९ मीटरवर. बर्फ पडलं की हे रस्ते बंद होतात, ते पुढल्या उन्हाळ्यापर्यंत. दिवाळी करून गेलो असतो तर पुन्हा बंद दारच पाहिलं असतं.

तारखा चुकल्या तर काय होतं, याचा धडा त्याच वाटेवर आहे. १७९९ च्या सप्टेंबरात रशियाचा सेनापती सुवोरोव्ह इटलीतून सुमारे एकवीस हजार फौज घेऊन गोटहार्ड घाटाने स्वित्झर्लंडमध्ये उतरला. दोस्त ऑस्ट्रियन मंडळींनी कबूल केलेली खेचरं वेळेवर आलीच नाहीत, त्यांची वाट पाहण्यात पाच दिवस गेले. लढत लढत आल्टडॉर्फला पोचतो तो काय, तळ्याच्या काठाने पुढे जाणारा रस्ताच नाही! तळ्याकाठचा रस्ता झाला १८६५ साली. मग एकामागून एक डोंगर ओलांडत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पानिक्स घाटात ताज्या बर्फात फौज अडकली. माणसं कड्यावरून गेली, तोफा गमावल्या. शूरांचा सेनापती, पण नकाशा दुसऱ्याचा आणि पाच दिवस उशीर.

म्हणून माझ्या वहीत पहिली ओळ: सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. दुसरी: आल्टडॉर्फ, गोटहार्डच्या पायथ्याचं आंडरमाट, फुर्का, ऱ्होन नदीचं खोरं, मार्टिनी आणि शेवटी सेंट बर्नार्ड. रोज निघण्याआधी घाट उघडा आहे ना हे पाहायचं. तिसरी: गॅस प्रोपेनचा, कारण ब्युटेन गोठणबिंदूच्या आसपास पेटायला कुरकुरतो. चौथी: घाट दिवसा ओलांडायचा, झोपायला खाली उतरायचं. माझी छाती आता सत्तरीपलीकडची आहे. पाचवी जावयांसाठी: गाडीची उंची कागदावर लिहून समोर चिकटवा, पुलाखाली शिरताना आठवत बसू नका.

आणि सहावी ओळ मुक्कामाची. जावई म्हणाले होते, "घर बरोबर आहे, मुक्कामाची काळजी कशाला?" तसं नसतं. वाटेल तिथे गाडी उभी करून रात्र काढता येत नाही. गावागावाचे नियम वेगळे. टाकी भरायला पाणी लागतं, मैला रिकामा करायला जागा लागते, आणि उंचावरचे पुष्कळ तळ थंडीआधी बंद होतात. बिऱ्हाड पाठीवर असलं तरी ते टेकवायची जागा कुणीतरी आधी करून ठेवलेली लागते. कारखान्याच्या रानात कोपी घालणाऱ्याला विचारा.

सेंट बर्नार्डच्या माथ्यावर १०५० च्या सुमारास एका धर्मगुरूने वाटसरूंसाठी आश्रयघर बांधलं. तिथले साधू आणि त्यांचे कुत्रे बर्फात सापडलेल्यांना शोधून आणत. १९६४ मध्ये डोंगराखालून बोगदा झाला, तरी ते घर आजही चालू आहे, भर हिवाळ्यातसुद्धा. ते बांधणारा आणि आमची चौंडीची लेक यांच्यात सातशे वर्षांचं अंतर, धर्म वेगळे, भाषा वेगळी. पण दोघांनी ओळखलं होतं ते एकच. मला ते घर पाहायचं आहे. आल्प्स म्हणजे केदार नव्हे, हे मला कळतं.

एक अडचण उरली. यंदा सप्टेंबरअखेर पितृपक्ष लागतो. भावकीतून निरोप आला, पितृपक्षात शुभकार्याला निघू नये. मी कळवलंय, शुभकार्याला नाही. आईला पाच दिवस उशिरा नेलं होतं, तेवढा हिशोब चुकता करायला निघतोय.