पुनाखाचा बंद दरवाजा

भूतानमध्ये प्रवासी म्हणून गेले, तरी सरकारी नोकराची नजर कचेरी शोधतेच. पुनाखाला ती शोधावी लागली नाही. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर १६३७-३८ मध्ये उभारलेला झोंग हा किल्लाही आहे आणि मठही. त्याच्या पहिल्या चौकात जिल्ह्याचे कामकाज चालते. मधला उंच मनोरा ओलांडला की भिक्षूंची वसती लागते. घो घालून, खांद्यावर पांढरे उपरणे टाकून कागद नेणारे कारकून पाहून मला आपली जिल्हा कचेरी आठवली. व्हरांड्यात तिष्ठणारी गर्दी तेवढी नव्हती.

ही वास्तू उभारणारा शाब्द्रुंग ङवांग नामग्याल १६१६ मध्ये तिबेटमधून आला. विखुरलेली खोरी त्याने एका राज्यात बांधली. धर्मसत्ता जे खेन्पोकडे, दिवाणी कारभार देसीकडे आणि दोघांच्या वर तो स्वतः, अशी रचना त्याने केली. १६५१ मध्ये येथेच तो एकांतसाधनेला बसला आणि मरण पावला. ही बातमी पन्नासहून अधिक वर्षे दडवून ठेवण्यात आली! जेवणाचे ताट दाराशी जात राहिले, असे सांगतात. आज्ञा त्याच्याच नावाने निघत राहिल्या.

याला निव्वळ लबाडी म्हणणे मला पटत नाही. तिबेटच्या स्वाऱ्यांचे भय होते, मुलगा राज्य करण्याजोगा नव्हता आणि वारस ठरवण्याचा सर्वमान्य नियम नव्हता. मृताच्या नावावर राज्य तगले, ही त्या कारभाऱ्यांची कर्तबगारी खरीच. पण नियमाची उणीव त्यातून भरून निघाली नाही. मृत्यू उघड झाल्यावर शाब्द्रुंगच्या अवतारांविषयी वाद माजले. देसीपदासाठी कट, खून आणि यादवी यांत पिढ्या गेल्या. १८८५ मध्ये चांगलिमिथांगची लढाई जिंकून उग्येन वांगचुक प्रबळ झाला. १९०७ मध्ये भिक्षू, अधिकारी आणि प्रजेचे प्रतिनिधी यांनी याच पुनाखात करारपत्र करून त्याला वंशपरंपरागत राजा केले.

२००८ च्या संविधानाने राजाला वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त होणे बंधनकारक केले. त्याआधीच, डिसेंबर २००६ मध्ये, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी मुलाकडे गादी सोपवली होती. तेव्हा त्यांचे वय ५१ होते.